कुंकू लागलेला फोटो

मामा सुरतेहून आला तेव्हा त्याच्या पिशवीत फरसाणाचा पुडा, मायसाठी दोन साड्या आणि एका साडीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं छोटं यंत्र होतं. आबांनी ते हातात धरून वजन पाहिलं आणि मिक्सर असेल तर आपल्याकडे आहे, असं सांगून टाकलं. मामा हसला. हे फोटो छापायचं यंत्र आहे, म्हणाला. कॉम्प्युटर लागत नाही. कार्ड घालायचं, बटण दाबायचं, झालं.

मामा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. तिथे नव्या साडीचा फोटो छापून तो गठ्ठ्यावर चिकटवायची पद्धत होती, म्हणजे गठ्ठा न सोडता आत काय आहे ते कळायचं. आता व्यापारी मोबाइलवरच नमुने मागतात, त्यामुळे यंत्र कपाटात पडून होतं. शेठने ते मामाला देऊन टाकलं. सोबत उरलेले थोडे कागद आणि शाईच्या पट्टीची डबी. मामाने ते स्वतःच्या घरी न नेता जळगावला आमच्याकडे आणलं, कारण आमच्या घरात त्या वेळी एका फोटोवरून अबोला चालू आहे हे मायने त्याला फोनवर सांगितलं होतं.

अबोला माझ्या मोठ्या बहिणीचा आणि आबांचा होता. तिला मी अक्का म्हणते. अक्का बारावीपर्यंत शिकली आणि मग शिवणाला बसली. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे आहेत. माझ्या कॉलेजची पुस्तकंही त्याच मशीनवर झाली, हे मी इथे लिहून ठेवते, कारण घरात ते कोणी बोलून दाखवत नाही.

अक्का रंगाने काळी आहे. सावळी म्हणून वेळ मारून नेता येईल अशी नाही, काळी. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान मला तरी तसंच वाटायचं. आबा डाळ मिलमध्ये आहेत आणि माय अक्काला लाडाने सालीची उडदाची डाळ म्हणते. अक्का त्यावर हसते.

तिच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा आबा तिला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. स्टुडिओवाल्याने फोटो चांगला काढला, पण छापून आला त्यात अक्का गोरी होती. नाक, डोळे, कानातल्या रिंगा सगळं तिचंच, आणि तरी ती नव्हती. आबांना फोटो फार आवडला. मायने काही म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. अक्काने फोटो पाहिला आणि शिवण पुढे चालू केलं.

तो फोटो एरंडोलला एका घरी गेला. तिथली माणसं पाहायला आली. अक्का चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि त्यांच्यातली एक बाई सगळ्यांसमोर, वाईट हेतूने नाही, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, "फोटोत वेगळीच दिसते हो." अक्काच्या हातात ट्रे होता. तिने तो प्रत्येकासमोर नेला, शेवटच्या माणसापर्यंत. काही दिवसांनी फोटो त्याच पाकिटातून परत आला. पत्रिका जुळत नाही असा निरोप होता. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

त्या संध्याकाळी अक्का आबांना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी फोटो द्यायचा तर माझा द्या. त्या पोरीचा नको."

आबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते वाईट माणसाचं म्हणणं नव्हतं. लोक आधी फोटो बघतात, मग यायचं की नाही ते ठरवतात. आहे तसा फोटो दिला तर कोणी आपल्या पायरीवर पाय ठेवणार नाही. एकदा घरी आले, तिचं बोलणं-चालणं पाहिलं, हातचं काम पाहिलं, की रंगाचं कोण धरून बसतं? ते म्हणाले, डाळीलाही बाजारात पाठवताना पॉलिश करावंच लागतं.

"आपण घरी कोणती खातो, आबा?" अक्काने विचारलं.

आमच्या घरात डाळ येते ती बिनपॉलिशची. आबाच आणतात, वेगळी काढून. तीच चवीला खरी, हे त्यांनीच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं थांबलं. अक्का ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. "आबांना विचार भाकरी पाहिजे का," असं ती मला सांगायची, आणि आबा समोरच बसलेले असायचे.

कोणी म्हणेल, मोबाइलवर फोटो पाठवायचा होता. आबांना ते मान्य नाही. मोबाइलमधली पोरीची छबी एका हातातून दहा हातांत जाते आणि परत कधी येत नाही, असं त्यांचं मत. कागदाचा फोटो मोजका असतो. तो एका घरी जातो, नकार आला तर परत मागता येतो, आणि होकार आला तर कोणी मागत नाही. या बाबतीत अक्काचं आणि आबांचं एकमत होतं. आणि माझंही, एका कारणाने. मधल्या काळात मी कॉलेजवरून येताना दुसऱ्या एका स्टुडिओत चौकशीला गेले होते. फोटो गोरा न करता छापून मिळेल का, असं विचारलं. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर दाखवलं की रंग कसा कमी-जास्त होतो. त्या पडद्यावर एकाखाली एक अनोळखी मुलींचे फोटो होते. साड्या नेसलेल्या, हात पुढे बांधून उभ्या. त्या सगळ्या तिथेच राहिल्या होत्या, त्यांचं जुळलं असो की नसो. मी घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही, पण परत तिथे गेले नाही.

म्हणून मामाने ते यंत्र जमिनीवर ठेवलं तेव्हा मी आणि अक्काने एकमेकींकडे पाहिलं.

मामा दोन दिवस राहून गेला. त्यालाही यंत्राची पूर्ण माहिती नव्हती. छापायचं काम तिथे दुसराच माणूस करायचा. जाताना तो म्हणाला, भाची कॉलेजात आहे, तिला जमेल. घरात काहीही इंग्रजी अक्षरांचं आलं की ते माझ्याकडे येतं. गॅसची पावती, औषधाची बाटली, बँकेचा मेसेज. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या दोन्हीकडच्या घरांतून कॉलेजात गेलेली पहिलीच. लोकांना वाटतं की कॉलेजात हे सगळं शिकवतात. मला तसं सांगायचा धीर होत नाही की नाही शिकवत.

माझ्या मोबाइलला कार्डाची जागाच नाही. आबांच्या जुन्या मोबाइलला आहे, बॅटरीच्या खाली. म्हणून आधी फोटो माझ्या मोबाइलवरून आबांच्या मोबाइलवर पाठवायचा, तो कार्डात जातोय ना ते बघायचं, मग मोबाइल बंद करून नखभर कार्ड काढायचं, मामाने दिलेल्या मोठ्या कार्डाच्या खाचेत बसवायचं आणि ते यंत्राच्या तोंडात घालायचं. मग यंत्राच्या बोटभर पडद्यावर फोटो दिसतो. हे एवढं समजायला मला एक आख्खी दुपार लागली. माय शेजारी बसून शेंगा फोडत होती आणि मधूनमधून विचारत होती, उना का? म्हणजे आला का. नही उना, मी म्हणायची.

नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतं. फ्रिजला लागलं, आबांच्या मोटरसायकलला लागलं, अक्काच्या शिलाई मशीनला दर दसऱ्याला लागतं. यंत्राला मायने पहिल्याच दिवशी लावलं होतं आणि वर दोन अक्षता ठेवल्या होत्या. पहिला फोटोही माणसाचा नको, देवाचा काढ, असं तिचं म्हणणं पडलं. देवाचा वेगळा फोटो आमच्याकडे नव्हता, पण मुक्ताईनगरला गेलो होतो तेव्हाचा एक होता. मागे मंदिराचा कळस आणि पुढे आम्ही चौघं, उन्हाने डोळे किलकिले करून. त्यात देवही आहे आणि माणसंही, असं ठरवून तो छापला.

ते यंत्र फोटो एकदम छापत नाही. कागद आत ओढून घेतं, मागच्या बाजूने थोडा बाहेर काढतं, परत पुढे आणतं. दर फेरीला एक रंग चढतो. पहिल्या फेरीला सगळं पिवळं. आम्ही चौघं आणि कळस, सगळेच पिवळे. आबा लांबून बघत होते. बठ्ठासले कावीळ व्हयनी, म्हणाले. सगळ्यांना कावीळ झाली. दुसऱ्या फेरीला लाल चढला, तिसऱ्याला निळा, आणि अचानक आम्ही, चेहरे दाण्याएवढे असूनही, ओळखू यायला लागलो. चौथ्या फेरीला रंग नसतो. नुसता एक पारदर्शक, काचेसारखा थर चढतो, म्हणजे फोटोला पाणी लागलं, बोट लागलं तरी काही होत नाही.

ही गोष्ट कॉलनीत लपून राहिली नाही. शेजारच्या काकूंना नातवाच्या बारशाचा फोटो पाहिजे होता. समोरच्यांना नव्या रिक्षाचा. माय कोणाला नाही म्हणू शकत नाही. रिक्षाचा फोटो पाहून समोरचे म्हणाले, रिक्षा खरीच्या खरी दिसतेय, पुढच्या चाकावरचा चिखलसुद्धा आला. अक्का आत शिवत बसली होती. तिथून तिचा आवाज आला, "रिक्षाला नवरी व्हायचं नाहीये ना, म्हणून."

सगळे हसले. आबाही हसले, आणि मग त्यांना आठवलं की आपण हसायचं नाहीये.

कागद कमी होत चालले होते. तेवढ्यात आबांच्या मिलमधल्या एका माणसाने धुळ्याच्या स्थळाची गोष्ट काढली. मुलगा मोटारी आणि पंप दुरुस्त करतो, स्वतःचं लहानसं दुकान आहे, घरात आई-वडील आणि एक विधवा आत्या. रविवारी फोटो घेऊन या, असा निरोप होता. आबांनी हे मायला सांगितलं आणि आवाज थोडा मोठा ठेवला, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जावं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी आणि अक्का मेहरूणच्या तळ्यावर गेलो. तिने तिची रोजचीच मोरपंखी साडी नेसली होती. मायने दिलेली पावडर तिने लावली नाही. तळ्याच्या काठाला माणसं फिरत होती, त्यामुळे ती संकोचली होती आणि पहिले सगळे फोटो ताठ आले. मग मी मोबाइल उलटा धरलाय असं तिला वाटलं आणि ती मला सांगायला लागली, अगं वेडे, सरळ धर. तेव्हा मी बटण दाबलं. त्या फोटोत ती थोडी पुढे झुकली आहे आणि तोंड नुकतंच मिटलं आहे. ऊन एका गालावर आहे. ती जशी आहे तशी आहे. मी ते याहून चांगलं सांगू शकत नाही.

संध्याकाळी घरात सगळे असताना फोटो छापायला घेतला. आबा खाटेवर, पेपर समोर धरून. अक्का माझ्या मागे उभी. कागद पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा त्यावर पिवळी अक्का होती, चेहरा, मान, हात, सगळं पिवळं. मायने तोंडाला पदर लावला.

"देख वं," ती मला म्हणाली, "मन्ही आंडेरले हयद लागनी."

माझ्या पोरीला हळद लागली. यंत्राचा खर्रर्र आवाज तेवढा येत होता. लाल चढला, निळा चढला, वरचा थर चढला आणि कागद बाहेर पडला. मी तो उचलला. फोटोतली अक्का गोरी होती. स्टुडिओतल्याइतकी नाही, पण होती. तळ्याचं पाणीही उजळलं होतं, झाडंही.

आबांनी पेपर बाजूला ठेवला, उठून आले आणि फोटो माझ्या हातातून घेतला. "हा चांगला आलाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच आनंद होता. "यात तर कोणी काही केलं नाही. यंत्रानेच असा काढला."

अक्काने वाकून पाहिलं. "यंत्राला पण तीच पोरगी आवडते," ती म्हणाली.

ती हे हसून बोलली, पण मागे वळली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. ट्रे घेऊन फिरली होती त्या दिवशीही तो असाच होता. मला वाटलं आता हे माझ्यावर आहे. त्या पडद्यावर एक एक इंग्रजी ओळ मी वाचत गेले. चुकीचं काही दाबलं तर उरलेले कागद वाया जाणार होते. शेवटी एक ओळ सापडली. यंत्र स्वतःहून फोटो सुधारतं, चेहरे उजळ करतं, ते चालू होतं. शेठच्या साड्यांसाठी ते बरं असणार. मी ते बंद केलं आणि आबांकडे न बघता म्हणाले, परत एकदा काढते.

आबा नको म्हणाले नाहीत. फोटो हातात धरून ते खाटेवर जाऊन बसले.

मायला वाटलं की पहिल्या वेळी बिघडलं, कारण आज आपण यंत्राला कुंकू लावलं नव्हतं. ती देवघरातून करंडा घेऊन आली आणि यंत्राच्या कपाळावर, म्हणजे कागद घालतो त्या झाकणाच्या बरोबर वर, चिमूटभर कुंकू लावलं. झाकण उघडं होतं. मी पडद्याकडे बघत होते. यंत्र सुरू झालं. पिवळं, लाल, निळं, आणि वरचा थर.

या वेळी अक्का आली. मोरपंखी साडी, एका गालावर ऊन, आणि तिचा रंग. मला ते पाहून हलकं वाटलं. मग अक्कानेच बोट ठेवलं. मानेच्या खाली, साडीच्या काठाजवळ, एक लाल ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या खाली कुंकू ओढलं जावं तशी एक बारीक रेघ. मी फुंकर मारली. ओढणीच्या टोकाने पुसलं. ठिपका हलला नाही. कुंकवाचे कण कागदाबरोबर आत गेले होते आणि त्यांच्यावरून तो काचेसारखा थर चढला होता. आता ते फोटोच्या आत होते.

माय खाली बसली आणि कपाळाला हात लावला. मी तिला म्हणाले, काही नाही, दुसरा काढू. यंत्र पुसलं, कागद घातला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली की शाईची पट्टी संपली. मामाला फोन केला. तो म्हणाला की पट्टी आणि कागद सोबतच मिळतात, ते शोधायला लागतील, रविवारपर्यंत काही होणार नाही.

तर शनिवारी रात्री आमच्या देवघरासमोर दोन फोटो होते. एक गोरा आणि स्वच्छ. एक खरा आणि कुंकू लागलेला. आबा कोणता नेतील हे कोणीही विचारलं नाही. अक्काने तर त्या खोलीत जायचंच टाळलं.

सकाळी आबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून देवघरासमोर उभे राहिले. मी चहा घेऊन गेले होते. माय त्यांच्या मागे होती. ती एरवी आबांना सल्ला देत नाही, पण तेव्हा हळूच बोलली, "कुंकू लागेल वस्तू घरमा ठेवू नका."

आमच्याकडे असं आहे. ज्याला कुंकू लागलं ते मागे ठेवायचं नसतं. लग्नपत्रिकेला कुंकू लावलं की ती त्या घरी पोचलीच पाहिजे, नारळाला लावलं की तो द्यायचाच. आबांनी दोन्ही फोटो पाकिटात घातले आणि एसटीने गेले.

तो दिवस लांबला. धुळ्याची बस एरंडोलवरूनच जाते. आबा खिडकीतून काय बघत असतील, असा विचार माझ्या मनात येत राहिला. अक्का दिवसभर शिवत होती. एकदा तिने बाही उलटी जोडली आणि उसवून परत जोडली.

आबा दिवेलागणीला आले. हात-पाय धुतले, जेवायला बसले. भरीत होतं, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी होती. पाकीट त्यांनी आधीच देवघरासमोर ठेवलं होतं. अक्का ताट वाढून तिथे गेली आणि पाकीट उघडून पाहिलं. मी दारातून बघत होते. पाकिटात एकच फोटो होता, गोरा.

ती परत आली. तिने स्वतः विचारलं, "आबा, अजून भाकरी देऊ?"

"दे," आबा म्हणाले. "अर्धी."

अर्ध्या भाकरीबरोबर त्यांनी सांगायला सुरुवात केली, आमच्यापैकी कोणाकडेच न बघता. त्यांच्या ओट्यावर बसलो, पाणी झालं, फोटो मागितला. मी आधी गोराच बाहेर काढला होता. पण पाकिटात कुंकवाचा राहिला होता. दुसऱ्याच्या दारात जाऊन कुंकू खिशात ठेवायचं, हात धजेना. म्हणून गोरा परत आत टाकला आणि कुंकवाचाच दिला. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आणि म्हटलं, नाही म्हणायचं तर त्यांनी त्यांच्या घरी म्हणावं. माझ्या घरात, पोरीच्या तोंडावर नको."

अक्का चुलीकडे तोंड करून बसली होती. गॅसच आहे, पण आम्ही चूलच म्हणतो. ती बराच वेळ तव्याकडे बघत राहिली. तव्यावर काही नव्हतं.

त्यानंतर फोटो परत आला नाही. आमच्याकडे हे रोज मोजलं जात होतं, पण बोललं जात नव्हतं. मग निरोप आला की पाहुणे येत आहेत.

मुलगा, त्याचे आई-वडील आणि आत्या आले. आत्या ठेंगणी, मोठ्या आवाजाच्या. अक्का ट्रे घेऊन आली तेव्हा आत्यांनी पिशवीतून तोच फोटो काढला आणि लाजबीज न बाळगता एकदा फोटोकडे, एकदा अक्काकडे असं पाहायला लागल्या. आबांनी जमिनीकडे पाहिलं. अक्काने या वेळी मान खाली घातली नव्हती. आत्यांनी फोटो वहिनीच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "फोटोमा शे तशीच शे." फोटोत आहे तशीच आहे. मग चहाचा कप उचलला, "बस वं माय, उभी काब्रं शे?"

अक्का बसली. ट्रे तिने माझ्याकडे दिला.

दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं, तेव्हाचं मला अक्काने नंतर सांगितलं. त्याने विचारलं की फोटोवर ते लाल काय आहे. त्याला वाटलं होतं, कोणीतरी फोटोला कुंकू लावलंय. म्हणून त्याने ते ओल्या फडक्याने पुसलं, मग नखाने खरवडलं. पंप उघडायच्या स्क्रूड्रायव्हरने करणार होता, पण आत्या ओरडल्या. नखाने तिथे एक ओरखडा पडलाय, त्याबद्दल माफ करा, म्हणाला. अक्काने त्याला सांगितलं की ते वर नाहीये, आत आहे, निघणार नाही. मग राहू द्या, तो म्हणाला.

त्यांनी होकार दिला म्हणून आमचं बरोबर ठरलं, असं मला लिहायचं नाही. नकारही येऊ शकला असता. आबा जे म्हणत होते ते जगात चालतंच, आणि पुढे माझ्याही फोटोची वेळ येईल तेव्हा मला ते पाहायला मिळेल. मला फक्त एवढं माहीत आहे की अक्काने त्या दिवशी ट्रे दिला आणि बसली, आणि मी तिला तसं बसलेलं आधी पाहिलं नव्हतं.

मामाने पट्टी आणि कागद मागच्या आठवड्यात पाठवले. आबा मिलवरून आले, मामाकडून आलेला खोका बघितला आणि मला म्हणाले, आपल्या भिंतीसाठी एक काढ. मी विचारलं, कोणता?

"तळ्यावरचा. आहे तसा."

मी कार्ड बसवायला घेतलं. तेवढ्यात माय करंडा घेऊन आली. आबांनी तिला हाताने थांबवलं. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी यंत्र वरून, बाजूने, मागून नीट पुसलं, झाकणाच्या खाचेत टॉवेलचं टोक घालून तिथलंही. मग मामाकडून आलेला तो खोका रिकामा करून मायच्या पुढे ठेवला.

"याले लाव," ते म्हणाले.

मायने खोक्याला कुंकू लावलं. अक्काने दारातूनच विचारलं की खोका आता कोणाच्या घरी पोचवायचा. मी बटण दाबलं आणि कागद आत गेला.